अण्णांच्या ३८६ पैकी २१० कॅसेट आता डिस्कवर आल्यात, पण फोनवरून त्यांना लावता येत नाहीत. काय करू?

कृष्णाकाठ (पुणे, माहेर मिरज)

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे. पण घर, माणूस आणि यंत्र तिन्ही सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझे वडील, अण्णा, वय ७९, मिरजेला असतात. रेल्वेतून निवृत्त झाले. गाणं ऐकायचं आणि जपून ठेवायचं हा त्यांचा आयुष्यभराचा एकच नाद. आकाशवाणी सांगलीवरून टेप केलेलं गाणं आहे, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातल्या बैठकींना पुढे बसून टेप केलेलं आहे, मित्रांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलंही आहे. सगळ्या मिळून ३८६ कॅसेट, शिवाय शंभरेक सीडी. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर त्यांच्या अक्षरात क्रमांक. एका लाल वहीत त्या क्रमांकापुढे गायक, राग, साथीदार, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे असे असतात: 'ब बाजू थोडी उशिरा सुरू', 'तबला जवळ, गळा लांब', 'पावसाचा आवाज आहे, राहू दे'.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता चालतात, पण खालच्या खणातून कॅसेट काढायला वाकता येत नाही, आणि दर पंचेचाळीस मिनिटांनी बाजू उलटायला उठणं तर नकोच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, नुसतं ऐकणं बंद केलं. दोन महिने घरात गाणं लागलं नाही हे आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मला राहवेना.

भाच्याच्या मदतीने मी कॅसेट संगणकावर घ्यायला लागले. डेकची तार लॅपटॉपला, ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग, मग फ्लॅक फाइल, म्हणजे आवाजातलं काही न गमावता आकार कमी केलेली. जितक्या तासांची कॅसेट तितके तास लागतातच, त्याला इलाज नाही. आतापर्यंत २१० झाल्या आणि डिस्कवर जेमतेम नव्वद जीबी भरलेत. घराच्या पुढच्या सोप्यावर स्पीकरपाशी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक बसवलाय. त्यावर पायकोअरप्लेयर ही गाणी वाजवणारी प्रणाली, त्यात संग्रहाची यादी सांभाळून फोनवरून हुकूम घेणारा लिरियन म्युझिक सर्व्हर, वर डिजिटल फाइलचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं छोटं डॅक बोर्ड, तिथून तार अण्णांच्या जुन्याच ॲम्प्लिफायरला. आवाज उत्तम येतो. पहिल्या दिवशी अण्णा डोळे मिटून तासभर बसले होते.

अडचण पुढे आहे. माझा जुना अँड्रॉइड फोन मी त्यांना रिमोट म्हणून दिला. आठवडाभर वापरला आणि मग कपाटावर ठेवून दिला. विचारलं तर म्हणाले, "अगं, मला गाणं माहीत आहे, पण ते ह्याच्यात कुठे आहे ते माहीत नाही."

काय काय होतं ते सांगते.

घर दगडी आहे, भिंती दीड-दोन फुटांच्या. राउटर माडीवर, भावाच्या खोलीत. सोप्यावर फोनला वायफाय मिळतं, पण दुपारी अण्णा माजघरात आडवे होतात तिथून संबंध तुटतो आणि पडद्यावर सर्व्हर सापडत नाही असं येतं. गाणं मात्र सोप्यावर चालूच. थांबवायला आईला उठावं लागतं.

दुसरं, बोट चुकून दुसऱ्या नावावर टेकलं की चालू असलेलं गाणं जातं आणि नवं सुरू होतं. एकदा विलंबित ऐन रंगात आलेला असताना हे झालं. त्या दिवसापासून ते फोनला हात लावायला कचरतात.

तिसरं, नावं. काही फाइल्स अण्णांनी पूर्वी शहरातल्या एका दुकानातून एमपीथ्री करून आणल्या होत्या. त्यांची नावं कुठल्याशा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असल्यामुळे फोनवर नुसती चिन्हं दिसतात. आणि मी व भाच्याने टाकलेल्या नावांतही एकवाक्यता नाही. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, आणि इंग्रजी लिपीतले वेगळेच, अशा चार नोंदी झाल्यात. खाँसाहेबांचंही तसंच, कुठे खाँ, कुठे खान.

तर प्रश्न असा: ७९ वर्षांच्या, नजर थोडी अधू पण कान पक्का असलेल्या माणसाच्या हातात नेमकं काय द्यावं? दुसरं ॲप, टॅबलेट, की साधा बटणांचा रिमोट? आवाजावर बोलणाऱ्या स्पीकरचा प्रयोग करून झालाय. रागाचं नाव सांगितलं की तो इंटरनेटवरचं भलतंच काही लावतो. अण्णांना त्यांची कॅसेट हवी असते.

---

तारषड्ज (नाशिक)

कृष्णाकाठ ताई, आधी तुमचं अर्धं काम झालंय ते सांगतो. तुम्ही निवडलेली रचना योग्य आहे. ब्लूटूथने फोन स्पीकरला जोडला असता तर गाणं फोनमधून वाहिलं असतं. फोन आला की गाणं बंद, बॅटरी संपली की बंद, अण्णा फोन खिशात घालून माजघरात गेले की तुटक तुटक. तुमच्याकडे फोन फक्त हुकूम देतो. फाइल डिस्कवरून रास्पबेरी पायमध्ये आणि तिथून ॲम्प्लिफायरला जाते. म्हणूनच वायफाय तुटलं तरी गाणं चालू राहिलं. हे अण्णांना एकदा समजावून सांगा. आमच्या घरी वडिलांना वाटायचं की फोन बाजूला ठेवला तर गाणं थांबेल, म्हणून ते दोन तास फोन हातात धरून बसायचे.

आता वायफायचं. राउटर सहसा ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्क देतो. दगडी भिंतीतून ५ चं फारसं पार होत नाही, २.४ चं त्या मानाने बरं जातं. हुकूम द्यायला वेग लागतच नाही, त्यामुळे अण्णांच्या फोनमध्ये फक्त २.४ चंच नेटवर्क साठवा आणि दुसरं विसरायला लावा. त्याने भागलं नाही तर माडीवरून एक लॅन केबल खाली आणा. जुन्या घरात झरोका असतोच, भिंत फोडावी लागणार नाही. खाली माजघर आणि सोपा यांच्यामधल्या दाराशी एक लहानसा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारं यंत्र, लावा. पायलाही त्याच केबलचा फाटा द्या. पाय तारेवर आणि फोन हवेवर, हे सगळ्यांत भरवशाचं. दोन भिंतींपलीकडचा सिग्नल उचलून पुढे फेकणारे स्वस्त एक्स्टेंडर मी तरी घेणार नाही, त्यांना मुळातच अर्धामुर्धा सिग्नल मिळतो.

'सर्व्हर सापडत नाही' याचं दुसरंही एक कारण असतं. वीज गेली आणि आली की राउटर पायला नेटवर्कवरचा नवा पत्ता देऊ शकतो आणि ॲप जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये पायसाठी पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. मग ॲपमध्ये तोच पत्ता हाताने टाका. फोन पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर नाही ना, तेही बघा. बऱ्याच राउटरमध्ये त्या नेटवर्कवरून घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत.

वीज जात असेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. पायकोअरप्लेयर सगळं मेमरीत चढवून चालतं, त्यामुळे अचानक वीज गेली तरी कार्ड सहसा बिघडत नाही. डिस्क पायच्याच यूएसबीवर चालते का? मग ॲडाप्टर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला हवा. मोबाइलच्या चार्जरवर चालवलंत तर डिस्क मध्येच गायब होईल, आणि तुम्ही उगीच ॲपमध्ये दोष शोधत बसाल.

फोनमध्ये तीन गोष्टी करा. सिम काढा, त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा, आणि ॲप पडद्यावर पिन करून टाका म्हणजे बोट लागून बाहेर पडता येणार नाही. आणखी एक, फोन कायम चार्जरला लावून ठेवू नका. जुन्या फोनची बॅटरी फुगते. रात्रीपुरता चार्ज करा.

---

दूरचा_श्रोता (सॅन होजे)

मी या सर्व्हरवर फार पूर्वीपासून आहे, त्याचं नाव स्लिमसर्व्हर होतं तेव्हापासून. मूळ कंपनी स्लिम डिव्हायसेस. २००६ मध्ये ती लॉजिटेकने घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स ही त्यांची गाणी वाजवणारी यंत्रं बनवणं थांबलं, पण सर्व्हरचा कोड खुला असल्यामुळे लोकांनी तो जिवंत ठेवला. २०२४ पासून त्याचं नाव लिरियन. तुमच्या अण्णांच्या कॅसेट ज्यावर चालतायत त्याला असा मोठा इतिहास आहे. तो उद्या बंद पडेल ही धास्ती बाळगू नका.

सांगायचं ते वेगळंच आहे. २००८ मध्ये स्क्वीझबॉक्स ड्युएट नावाचा संच आला, त्यात हातात धरायचा एक कंट्रोलर होता. इवलासा पडदा आणि खाली गोल फिरणारं चाक. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲपलचं रिमोट ॲप आलं आणि सगळे काचेच्या पडद्याकडे वळले. मीही वळलो. पण माझ्या आई इथे सहा महिने राहायला आल्या तेव्हा त्यांनी काचेचा फोन बाजूला सारून तो चाकवाला कंट्रोलरच घेतला. चाक फिरवलं की यादीतली ओळ पुढे सरकते आणि बोटाला ते कळतं. मधलं बटण दाबेपर्यंत काही घडत नाही. काचेवर नुसता स्पर्श हाच हुकूम असतो, आणि वयाने थरथरणाऱ्या बोटाला तोच नडतो.

तो कंट्रोलर आता नवा मिळत नाही, जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाला तरी त्याची बॅटरी दमलेली असते, त्यामागे लागू नका. पण त्यातली युक्ती घेता येते. आवाज आणि थांबा-चालू एवढ्यासाठी पडदा नकोच. पायला यूएसबीची इन्फ्रारेड डोळी लावून घरातला एखादा जुना रिमोट शिकवता येतो. चार बटणं पुरेत: थांबा-चालू, आवाज कमी, आवाज जास्त, पुढचं. बाकीच्या बटणांवर पट्टी चिकटवा. निवड करायला फोन, ऐकताना हाताशी रिमोट. अण्णांचं 'बोट लागून विलंबित गेला' हे दुःख निम्म्याने कमी होईल.

आवाजाचं एक लक्षात ठेवा. ॲम्प्लिफायरची खुंटी अशा जागी ठेवा की फोनवर आवाज शंभर झाला तरी कान फाटणार नाहीत, आणि त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या. मग फोनवर काहीही झालं तरी दचकायला होणार नाही.

---

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. केबल झरोक्यातून आणायची कल्पना भावाला आवडली, या रविवारी तो करतोय. डिस्क खरंच मोबाइलच्या चार्जरवर चालली होती, तो बदलला. जुना रिमोटही सापडला.

पण मूळ गाठ अजून सुटलेली नाही. अण्णा फोन उघडतात, समोर 'कलाकार', 'अल्बम', 'प्रकार' अशी दारं येतात आणि ते थांबतात. त्यांच्या डोक्यात अल्बम नावाची गोष्टच नाही. काल त्यांना फोनवर म्हटलं, "अण्णा, काय ऐकायचंय सांगा, मी इथून सांगते कुठे दाबायचं." ते म्हणाले, "१४७ लाव." मला कळेना. मग आईने लाल वही काढली, तेव्हा कळलं.

---

सूचीकार (रत्नागिरी)

कृष्णाकाठ, उत्तर तुमच्या शेवटच्या तीन ओळींतच आहे. मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्या अनुभवावर बोलते.

तुमच्या वडिलांनी स्वतःच्या संग्रहाची सूची आधीच केलेली आहे. दाखल क्रमांक आहे, नोंदवही आहे, शेरा आहे. आमच्याकडे वाचकाला पुस्तक देतानाही हेच लागतं. तुम्ही आणि भाच्याने ती सूची बाजूला ठेवून बाहेरच्या कंपन्यांनी त्यांच्या मालासाठी बनवलेल्या रकान्यांत तो संग्रह कोंबलात. अल्बम हा शब्द दुकानातल्या तबकडीला लागू पडतो. दर्ग्यात टेप केलेल्या बैठकीचा अल्बम कोणता? वाईट वाटून घेऊ नका, जवळजवळ सगळेच असं करतात, कारण प्रोग्रॅम तेच रकाने पुढे करतो.

असं करून बघा. प्रत्येक कॅसेट म्हणजे एक अल्बम धरा आणि त्याचं नाव क्रमांकाने सुरू करा: '१४७ मारवा', '०३२ ललत आणि भटियार'. तीन आकडी लिहायचं, ९ नव्हे तर ००९, नाहीतर यादीत १० आणि १०० हे ९ च्या आधी येऊन बसतील. आकडे देवनागरी की इंग्रजी ते आजच ठरवा आणि मग बदलू नका. आपल्याला १ आणि त्याचा इंग्रजी जोडीदार एकच वाटतात, संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. अण्णा मराठी आकडे टाइप करणार असतील आणि टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत साठवलेल्या नाव-कलाकाराच्या नोंदीत, इंग्रजी असतील तर शोध रिकामा येईल. क्रमांक फक्त अल्बमच्या नावात घाला, प्रत्येक गाण्याच्या नावात नको. नाहीतर १४७ शोधल्यावर दहा ओळी येतील.

कलाकाराचं नाव उपाधीशिवाय लिहा. पंडित, उस्ताद, खाँसाहेब हा आदर मनात ठेवा आणि वहीत लिहा, टॅगच्या नावात नको. खाँ की खान ते एकदा ठरवून एका कागदावर लिहा आणि तो लॅपटॉपला चिकटवा. आम्ही याला प्रमाणित नामनोंद म्हणतो. एमपीथ्रीटॅग या मोफत प्रोग्रॅममध्ये शंभर फाइल्स एकदम निवडून नाव दुरुस्त करता येतं. चिन्हं दिसणाऱ्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स मात्र वही समोर ठेवून नव्याने टाइप करा. किती असतील? वीस-तीस असतील तर एका दुपारचं काम. फ्लॅकमधले टॅग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या पद्धतीत असतात, तिथे देवनागरीला काही धोका नाही. जुन्या एमपीथ्रीला टॅगच्या दोन पिढ्या असू शकतात. पहिल्या पिढीत तीस अक्षरांची मर्यादा होती आणि देवनागरीची सोय नव्हती. तो भाग काढून टाका आणि दुसऱ्याच पिढीचा ठेवा.

राग हा प्रकाराच्या रकान्यात घाला. तिथे 'शास्त्रीय' लिहून काय मिळतं? सगळा संग्रहच शास्त्रीय आहे. मारवा, पूरिया, सोहनी असं घातलंत तर संध्याकाळी अण्णा 'मारवा' दाबतील आणि त्यांच्याकडचे सगळे मारवे एका खाली एक दिसतील.

आणि तो शेवटचा रकाना सोडू नका. टॅगमध्ये टिप्पणीला जागा असते. 'पावसाचा आवाज आहे, राहू दे' हे तिथे जसंच्या तसं गेलं पाहिजे. मी तर म्हणते, वही आत्ताच पानोपान स्कॅन करून घ्या. फाइल्स पुन्हा करता येतील, ती वही पुन्हा लिहिता येणार नाही.

---

पहारा (ठाणे)

थोडक्यात एक धोक्याची सूचना. कृष्णाकाठ, तुम्ही पुण्याहून फोनवर मदत करता, म्हणजे आज ना उद्या पुण्यातून थेट तो सर्व्हर उघडावासा वाटेल. राउटरमध्ये ९००० हे पोर्ट, म्हणजे त्या सर्व्हरचं नेटवर्कवरचं दार, बाहेरच्या जगाला उघडं करू नका. तो सर्व्हर घरातल्या माणसांसाठी आहे, अनोळख्याला अडवायला त्याच्यात भक्कम कुलूप नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केल या दूरची यंत्रं सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयींपैकी एक घ्या, म्हणजे तुमचा पुण्यातला फोन मिरजेच्या घरातच असल्यासारखा वागेल. शिवाय हल्ली बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, तिथे पोर्ट उघडण्याचा उपयोगही होत नाही.

आणि डिस्कची दुसरी प्रत ठेवा. पहिली मिरजेला, दुसरी तुमच्याकडे. २१० कॅसेटचे तास पुन्हा कुठून आणणार?

---

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, तर काय झालं ते कळवायलाच हवं.

केबल झरोक्यातून खाली आली. माजघराच्या दारावर छोटा ॲक्सेस पॉइंट बसला, पत्ता राखून ठेवला. आता मागच्या पडवीतूनही गाणं थांबवता येतं. यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही, एका रविवारात झालं.

खरं काम नावांचं होतं. मी चार दिवस सुट्टी काढून मिरजेला गेले. लाल वही अण्णांच्या मांडीवर, लॅपटॉप माझ्या. ते क्रमांक वाचायचे, मी टाइप करायची. मला वाटलं होतं ते कंटाळतील. पण प्रत्येक नोंदीला काही ना काही निघायचं. ०६३ ला म्हणाले की त्या रात्री तंबोरा इथल्याच सतारमेकर गल्लीतून ऐनवेळी आणला होता, म्हणून पहिली पाच मिनिटं जुळवण्यात गेलीत. ती पाच मिनिटं मी रेकॉर्डिंगमधून कापून टाकली होती, गाणं नाही म्हणून. त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसतं पान उलटलं. मी त्याच रात्री कॅसेट पुन्हा लावून ती पाच मिनिटं घेतली.

कॅसेटची बाजू संपते तिथे तान तुटते आणि ब बाजूला पुढे कुठेतरी सुरू होते, अशी बरीच ठिकाणं आहेत. भाच्याने दोन्ही तुकडे सफाईने जोडून दिले होते, सांधा कळतही नव्हता. अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "हे असं गायलेलं नाही. मधलं गेलंय, ते गेलंय असं दिसू दे." म्हणून आता दोन बाजू दोन वेगळ्या फाइल, मध्ये तीन सेकंद शांतता.

आकडे देवनागरी ठेवले. फोनवर मराठी कीबोर्ड एकच ठेवला, बाकीचे काढले. सर्व्हरच्या आवडीच्या यादीत सहाच नोंदी केल्या आणि अक्षरं मोठी केली: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, नाट्यपदं, आणि आईसाठी भजनं. कुठली कॅसेट कशात जाईल ते अण्णांनी सांगितलं. मी पुस्तकातला समयचक्राचा तक्ता काढून बसले होते, तो त्यांनी बाजूला ठेवायला लावला. मल्हार त्यांनी चारही ठिकाणी घातलाय, पाऊस आला की वेळ बघायची नाही म्हणून.

बोट लागून गाणं जाण्याचा प्रकार पूर्ण थांबला नाही, पण कमी झालाय. ओळीवर स्पर्श केला तर लगेच न वाजवता आधी विचारावं असं बदलून ठेवलंय. आणि ऐकताना फोन उलटा करून बाजूला ठेवायचा, हातात जुना रिमोट, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. दूरचा_श्रोता, तुमची चार बटणांची युक्ती आमच्याकडे सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. पट्ट्या आईने चिकटवल्या. नेलपॉलिश तिच्याकडे नव्हतं, म्हणून खुंटीवर ठिपका लाल ऑइलपेंटचा आहे.

सूचीकार ताई, तुम्ही सांगितलंत तशी वही स्कॅन केली. १९२ पानं. पंचाहत्तराव्या पानावर आईच्या अक्षरात किराणा मालाची यादी निघाली, तीही तशीच घेतली. दुसरी डिस्क माझ्या पुण्याच्या कपाटात आहे. पहारा, तुम्ही म्हणालात तसं टेलस्केल घातलं, पोर्ट उघडलं नाही.

परवा रात्री साडेनऊला पुण्यात बसून मी फोनवर पाहिलं तर पडद्यावर '१४७ मारवा, ब बाजू' चालू होतं. मारव्याची वेळ टळून गेली होती. मी आईला फोन केला, तर ती हळूच म्हणाली, "नंतर कर, ते ऐकतायत."

आता एकच अडचण उरलीय आणि त्यावर कुणी सांगू शकलं तर हवं आहे. २१२ ते २३० या कॅसेट दुसऱ्याच कुणाच्या डेकवर टेप झालेल्या आहेत. आमच्या डेकवर त्या दबक्या, कापसातून आल्यासारख्या ऐकू येतात. अण्णांचं म्हणणं, हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळत नाही, बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवायला हवा. ते पूर्वी हे कानाने करायचे, तारसप्तक उघडा ऐकू येईपर्यंत. आता त्यांचा हात स्थिर राहत नाही, म्हणून ते ऐकणार आणि मी फिरवणार. मूळ जागी स्क्रू परत नेता यावा म्हणून काय खूण करून ठेवावी? शनिवारी जातेय, हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेतल्यात.